सहा वर्षांच्या मौनातून उमललेले गाणे

गाण्याचे शब्द स्वतः लिहायचे, चाल स्वतः बांधायची, ते स्वतःच गायचे आणि लोकसंगीत, अभिजात संगीत, भक्तिगीत अशा साऱ्या प्रवाहांना एकाच मैफलीत सामावून घ्यायचे, ही आज तरुण स्वतंत्र गायक-गीतकारांची ओळख मानली जाते. कोणत्याही एका प्रकाराच्या चौकटीत न बसणारा एखादा अल्बम गाजला की नवे युग सुरू झाल्याची चर्चा होते. भारतीय अभिजात संगीताच्या क्षेत्रात असे धाडस साठ-सत्तर वर्षांपूर्वी एका गायकाने केले. त्याच्यामागे नव्या बाजारपेठेचे बळ नव्हते, घराण्याचा आधार नव्हता, इतकेच काय, निरोगी शरीरही नव्हते. क्षयाने एक फुप्फुस जवळजवळ निकामी केल्यानंतर त्याने जे गाणे उभे केले, ते कुमार गंधर्वांचे गाणे म्हणून ओळखले जाते.

कुमार गंधर्वांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. त्यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी या गावी, कन्नड बोलणाऱ्या लिंगायत कुटुंबात झाला. वडिलांना गाण्याचे वेड होते. घरात गाणे होते, पण लहानग्या शिवपुत्राला कोणी पद्धतशीर शिकवले नव्हते. वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी तो एकाएकी गाऊ लागला आणि त्या काळच्या नामवंत गायकांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब म्हणून दाखवू लागला. त्या काळातील तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. त्या तीन मिनिटांतील प्रत्येक हरकत, प्रत्येक तान, गायकाने घेतलेला श्वाससुद्धा हा मुलगा जसाच्या तसा उभा करीत असे. लिंगायत मठाच्या एका स्वामींनी कौतुकाने त्याला कुमार गंधर्व ही पदवी दिली आणि पुढे तीच त्याचे नाव झाली.

वडील मुलाला घेऊन गावोगावी कार्यक्रम करू लागले. गर्दी लोटत होती, वर्तमानपत्रांत नाव येत होते. १९३६ साली मुंबईत जिना हॉलमध्ये प्रा. बी. आर. देवधर यांनी भरवलेल्या संगीत परिषदेत हा बारा वर्षांचाही नसलेला मुलगा गायला, तेव्हा समोर बसलेले मातब्बर गवई आणि रसिक थक्क झाले. मात्र या कौतुकातच एक धोका दडलेला होता. या मुलाकडे सर्वांचे गाणे होते, स्वतःचे मात्र एकही नव्हते. तो गात असलेले स्वर कोणते, राग कोणता, तो तसाच का गायचा, याची त्याला कल्पना नव्हती. असे बालकलाकार वय वाढते, आवाज फुटतो आणि मग विस्मरणात जातात, हा अनुभव संगीतक्षेत्राला नवा नव्हता.

देवधरांनी हा धोका ओळखला. कुमार त्यांच्या मुंबईतील संगीत विद्यालयात दाखल झाले. देवधर हे विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य, पण एका घराण्याच्या कुंपणात राहणारे नव्हते. निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांकडून त्यांनी विद्या मिळवली होती, पाश्चात्त्य संगीताचाही त्यांचा अभ्यास होता. त्यांच्या विद्यालयात वेगवेगळ्या परंपरांचे थोर कलावंत येत, गात, चर्चा करीत. नकलेत पारंगत असलेल्या मुलाला त्यांनी स्वर, ताल, राग यांची जाण पहिल्या पायरीपासून दिली. याच काळात कुमारांना मूळच्या पेडण्यातील मालपे गावच्या, भेंडीबाजार घराण्याच्या गायिका अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही शिकायला मिळाले. कुमारांच्या गाण्यातील स्वर लावण्याच्या नाजूक पद्धतीचा विचार करताना गोमंतकीय रसिकांना या गुरूचा विसर पडू नये. पुढे १९५८ साली अंजनीबाईंना संगीत नाटक अकादमीचे सर्वोच्च सन्मानपद मिळाले.

विशीत पोहोचेपर्यंत कुमार देवधरांच्या विद्यालयात स्वतः शिकवू लागले होते आणि देशभरच्या परिषदांमधून गात होते. त्या विद्यालयात शिकायला आलेल्या, कराचीच्या भानुमती कंस यांच्याशी १९४७ साली त्यांचा विवाह झाला. सारे काही जुळून आले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस क्षयाचे निदान झाले.

१९४७ सालचा क्षय म्हणजे काय होते, हे आज समजावून घ्यावे लागते. त्यावर खात्रीचा उपाय सामान्य रुग्णाच्या आवाक्यात नव्हता. कोरडी हवा, पौष्टिक आहार आणि संपूर्ण विश्रांती एवढेच वैद्य सांगू शकत. गायकासाठी विश्रांतीचा अर्थ आणखी कठोर होता. गाणे बंद, गुणगुणणेही बंद. मुंबईची दमट हवा सोडून माळव्याच्या पठारावर जावे, असे ठरले. इंदूरचे रामूभैया दाते यांच्यासारखे मित्र जवळ होते. ३० जानेवारी १९४८ रोजी हे दांपत्य देवासला पोहोचले. त्याच संध्याकाळी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली.

देवास हे गाव मराठी वाचकाला परके नाही. पवार घराण्याच्या दोन शाखांची, थोरल्या आणि धाकट्या पातीची, दोन संस्थाने या एकाच गावात नांदत होती. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव म्हणून येथे काम केले आणि गावावर उभ्या असलेल्या देवीच्या टेकडीचे नाव आपल्या पुस्तकाला दिले. मराठी सरदारांची सत्ता, हिंदी राज्यव्यवहार आणि घराघरांत माळवी बोली असे हे मिश्र गाव होते. थोर गायक रजब अली खाँ यांचेही वास्तव्य याच गावात होते. कुमार मात्र अंथरुणावर होते. भानुमतींनी शाळेत नोकरी धरली. पतीची शुश्रूषा, औषधपाणी, घरखर्च हा सारा भार त्यांनी उचलला. ज्या बाईने स्वतः गायिका होण्यासाठी कराचीहून मुंबई गाठली होती, तिची ही सारी वर्षे दुसऱ्याचा गळा वाचवण्यात गेली. कुमार गंधर्वांच्या चरित्रात या त्यागाची नोंद अनेकदा एका वाक्यात उरकली जाते. प्रत्यक्षात पुढचे सगळे गाणे त्या वर्षांच्या कष्टांवर उभे आहे.

गाता येत नव्हते, पण ऐकता येत होते. देवासच्या त्या घरात पडल्यापडल्या कानांवर येणारे आवाज हेच त्यांचे जग झाले. पाणी भरायला जाणाऱ्या, दळणकांडण करणाऱ्या, लग्नाच्या मांडवात बसलेल्या स्त्रियांची माळवी गाणी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने, सणावारांचे गजर, पक्ष्यांचे आवाज. मुंबईत असताना हेच सूर कानावरून गेले असते तर त्यांच्याकडे कदाचित लक्षही गेले नसते. नामवंत गवयांच्या मैफलींमध्ये वाढलेल्या कानाला गावातील बायकांच्या गाण्यात शिकण्यासारखे काही असेल, अशी त्या काळी अभिजात संगीतात समजूतच नव्हती. आजारपणाने ही उतरंड मोडली. सक्तीच्या मौनात बसलेल्या गायकाला त्या साध्या सुरांकडे विद्यार्थ्याच्या भूमिकेतून पाहावे लागले.

त्यांनी ही गाणी लिहून घ्यायला सुरुवात केली. शेकडो माळवी लोकगीते त्यांनी शब्दांसह आणि स्वरलिपीसह नोंदवली. विसाव्या शतकाच्या आरंभी हंगेरीत बेला बार्टोक आणि झोल्टान कोडाय या संगीतकारांनी ध्वनिलेखनाचे यंत्र घेऊन खेडोपाडी हेच काम केले होते आणि त्यातून युरोपच्या संगीताला नवे वळण मिळाले होते. देवासच्या खोलीत असे यंत्र नव्हते. तेथे बालपणी ध्वनिमुद्रिका टिपणारा कान होता आणि देवधरांनी दिलेली स्वरांची शिस्त होती. नकलेची जी देणगी एकेकाळी धोक्याची ठरली असती, तीच आता संशोधनाचे साधन झाली.

या नोंदींतून कुमारांच्या हाती एक विचार लागला. माळव्याची बहुतेक धून चार-पाच स्वरांच्या छोट्या परिघात फिरते. तिला आलाप-तानांचा विस्तार ठाऊक नसतो. तरीही प्रत्येक धुनेचे स्वतःचे व्यक्तिमत्त्व असते. कोणत्या स्वरावर थांबायचे, कोणत्या स्वराला हलका स्पर्श करून पुढे जायचे, कोणता स्वर चढताना गाळायचा, हे तिला पक्के माहीत असते. म्हणजे रागाला रागपण देणारी जी लक्षणे शास्त्रकार सांगतात, ती बीजरूपाने तेथे हजर असतात. रागसंगीताचा उगम लोकधुनेत आहे, हे विधान पूर्वीही केले गेले होते. कुमारांनी ते प्रत्यक्ष करून दाखवायचे ठरवले. एखादी धून घ्यायची, तिचा स्वभाव ओळखायचा, तिच्या मूळ वळणाला धक्का न लावता ती खालच्या आणि वरच्या सप्तकात वाढवायची, तिला आरोह-अवरोहाची चौकट द्यायची आणि ती तासभर गाता येईल एवढी विस्तारक्षम झाली की तिला रागाचे नाव द्यायचे. अशा रागांना त्यांनी धुनउगम राग म्हटले. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी, निंदियारी ही त्यांतील काही नावे. दोन जुन्या रागांचे तुकडे जोडून तिसरा जोडराग तयार करण्याची पद्धत गवयांमध्ये होतीच. ही रीत तिच्यापेक्षा मुळातच निराळी होती.

१९४३ साली अमेरिकेत शोधले गेलेले स्ट्रेप्टोमायसिन हे औषध पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला भारतात मिळू लागले. क्षयाच्या जंतूंवर प्रभावी ठरलेले हे पहिले प्रतिजैविक. १९५२ साली सेल्मन वॉक्समन यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी देवासच्या या रुग्णालाही त्या औषधाने बरे केले. या औषधाने काही रुग्णांची श्रवणशक्ती मंदावते, हे वैद्यकाला ठाऊक आहे. गळ्यासाठी घ्यायचे औषध कानावर उठण्याची शक्यता गायकासाठी किती भयंकर असेल, याची कल्पना करता येते. सुदैवाने कान शाबूत राहिले. फुप्फुसाचे झालेले नुकसान मात्र भरून येणारे नव्हते. जवळजवळ सहा वर्षांच्या खंडानंतर, १९५३ साली कुमार गंधर्व पुन्हा मैफलीत बसले.

रसिकांच्या ओळखीचा बालगायक परतला नाही. आलेला माणूस निराळेच गात होता. दीर्घ श्वासाच्या लांबलचक ताना त्याच्या गाण्यात नव्हत्या. त्यांच्या जागी छोटे, टोकदार, विजेसारखे चमकून जाणारे स्वरसमूह होते आणि त्यांच्या मध्ये शांततेच्या जागा होत्या. आवाज कधी हळुवार कुजबुजीसारखा होई, तर कधी दरीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा दूर फेकला जाई. ही शैली आजारपणाची अपरिहार्यता होती, असे अनेकजण आजही मानतात. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. श्वास कमी पडतो म्हणून माणूस छोटी वाक्ये बोलेल, पण त्या छोट्या वाक्यांत नवा अर्थ आपोआप भरला जात नाही. देवासच्या बायकांच्या आणि जोग्यांच्या गाण्यातही लांब ताना नव्हत्या. थोडक्यात आणि नेमके सांगण्याची रीत कुमारांनी त्यांच्याकडून घेतली आणि शरीराची मर्यादा त्या रीतीला पूरक ठरली.

नव्या रागांसाठी नवी गीते लागणार होती. ती कुमारांनीच लिहिली. ख्यालाच्या पारंपरिक बंदिशींचे विषय ठरलेले होते. सासू-नणंदेची जाचणूक, प्रियकराची वाट, देवतेची किंवा राजाची स्तुती. भाषा बहुधा ब्रज. कुमारांच्या बंदिशींत माळवी बोलीचे शब्द आले आणि त्या शब्दांबरोबर माळव्याचे ऋतू, तेथले जीवन आणि स्वतःच्या आयुष्यात भोगलेले क्षण आले. शब्द, चाल आणि राग या तिन्ही गोष्टी एकाच मनातून आल्याने त्यांच्यात जोड दिसत नाही. १९६५ साली मौज प्रकाशनाने या बंदिशींचा संग्रह अनूपरागविलास या नावाने प्रसिद्ध केला. तोवर बंदिश ही घराण्याच्या तिजोरीतली ठेव मानली जात असे. ती उस्तादाने मर्जी असेल तरच शिष्याला द्यायची, अन्यथा स्वतःबरोबर न्यायची. एका गायकाने आपले सारे नवे गाणे स्वरलिपीसह छापून कोणाही वाचकाच्या हाती द्यावे, ही त्या जगातील छोटी क्रांतीच होती. कुमार गंधर्वांचा खरा पहिला अल्बम कोणता, असे विचारले तर या ग्रंथाकडे बोट दाखवावे लागेल.

ग्रंथात कागदावर असलेले गाणे श्रोत्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी त्यांनी मैफलीचा साचाही बदलला. प्रहरानुसार एक मोठा राग, मग एक छोटा राग, शेवटी भैरवी ही ठरलेली मांडणी बाजूला ठेवून त्यांनी एका विषयाभोवती संपूर्ण कार्यक्रम रचायला सुरुवात केली. गीतवर्षा हा त्यांतील सर्वाधिक गाजलेला. उन्हाळ्याच्या अखेरची तलखी, आभाळ भरून येणे, पहिली सर, झड, पूर आणि ओसरता पाऊस असा पावसाळ्याचा सारा प्रवास त्यात होता. मल्हाराच्या निरनिराळ्या प्रकारांशेजारी माळवी लोकगीत बसले होते, जुन्या बंदिशीशेजारी स्वतः रचलेली बंदिश होती. शास्त्रीय, उपशास्त्रीय आणि लोकसंगीत या पायऱ्या तेथे उरल्या नव्हत्या. पाऊस सांगण्यासाठी जे गाणे योग्य, ते गायचे, एवढाच नियम होता. गीतहेमंत आणि गीतवसंत हे त्याच मालिकेतील कार्यक्रम. मालवा की लोकधुनें या कार्यक्रमात त्यांनी लोकगीते त्यांच्या मूळ रूपातच मैफलीच्या केंद्रस्थानी आणली.

या धाडसाला विरोध झाला नसता तरच नवल. कुमार विलंबित ख्यालाची पूर्ण मांडणी करीत नाहीत, त्यांच्या गाण्याला घराणे नाही, लोकगीतांना रागाच्या पंक्तीला बसवून ते परंपरेची शिस्त मोडतात, असे आक्षेप जाणत्या मंडळींकडून घेतले गेले. मला उमजलेले बालगंधर्व या कार्यक्रमात त्यांनी बालगंधर्वांची नाट्यपदे आपल्या दृष्टीने गायली, तेव्हा तर महाराष्ट्राच्या काळजालाच हात घातला गेला. बालगंधर्वांचे पद बालगंधर्वांसारखेच गायले पाहिजे, असे मानणाऱ्या पिढीला हा अधिक्षेप वाटला. लहानपणी हुबेहूब नक्कल करून टाळ्या मिळवणारा हा माणूस आता नक्कल करायला नकार देत होता, यातच त्याच्या प्रवासाचा अर्थ सामावला आहे. वरून विस्कळीत वाटणाऱ्या या साऱ्या खटाटोपामागे एकच प्रश्न होता. परंपरा म्हणजे जे मिळाले ते जसेच्या तसे पुढे देणे, की ते समजून घेऊन आपल्या भाषेत पुन्हा सांगणे? दुसऱ्या उत्तराची किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली. आक्षेप घेणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र आजही विचारात घ्यावा लागतो. कुमारांची वाट अनुकरणाने चालता येत नाही. त्यांच्या लकबी उचलणारे पुष्कळ निघाले, पण त्या लकबींमागचा अभ्यास फार थोड्यांनी केला.

वैयक्तिक आयुष्यात आणखी एक आघात वाट पाहत होता. १९६१ साली दुसऱ्या मुलाच्या जन्मानंतर भानुमतींचे निधन झाले. ज्यांच्या कष्टांमुळे हे गाणे जगले, त्यांना त्याचे पूर्ण वैभव पाहता आले नाही. देवासच्या घराचे भानुकुल हे नाव त्यांची आठवण सांगते. १९६२ साली वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी कुमारांचा विवाह झाला. त्या त्यांच्या आणि देवधरांच्या शिष्या होत्या. पुढील तीन दशके मैफलीत कुमारांच्या मागे बसून त्यांच्या सुरात सूर मिसळणारा जो स्वर ऐकू येतो, तो वसुंधराताईंचा. श्वास जेथे थांबतो तेथे दुसरा आवाज अलगद पुढे येतो आणि मग पुन्हा मागे सरतो. त्या स्वतः स्वतंत्र प्रतिभेच्या गायिका होत्या. २००६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

याच काळात कबीराची निर्गुणी भजने कुमारांच्या गाण्यात केंद्रस्थानी आली. माळव्यात कबीर पुस्तकात राहत नाही, तो तंबुरा आणि करताल घेऊन रात्रभर गाणाऱ्या खेड्यातील मंडळींच्या कंठात राहतो. देवासला नाथपंथीयांची परंपरा जुनी आहे. त्या जोग्यांच्या गाण्यातील अलिप्तपणा, रिकाम्या आभाळाकडे पाहत गावे तसा स्वर, हे कुमारांनी उचलले. अभिजात गायक भजन गातात तेव्हा ते बहुधा मैफलीच्या शेवटी, श्रोत्यांना निरोप देण्यासाठी. कुमारांनी निर्गुणी भजनाला रागाइतकेच वजन दिले. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांमुळे कबीर शहरी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पोहोचला. कबीर, सूरदास आणि मीरा यांना एकत्र आणणारा त्रिवेणी हा कार्यक्रम आणि ध्वनिमुद्रिका त्याच वाटेवरील.

मराठीशी त्यांचे नाते निराळेच होते. जन्मभाषा कन्नड, कर्मभूमी हिंदी प्रदेश, गीतांची भाषा माळवी आणि तरीही मराठी श्रोत्यांनी त्यांना आपल्याच घरातले मानले. माळव्यात आयुष्य गेलेल्या भा. रा. तांबे यांच्या कवितांवर त्यांनी तांबे गीत रजनी हा कार्यक्रम केला. तुकारामांच्या अभंगांनाही त्यांनी स्वतंत्र कार्यक्रमाचा मान दिला. बाळ कोल्हटकरांच्या देव दीनाघरी धावला या नाटकासाठी वसंत देसाई यांच्या संगीत दिग्दर्शनात त्यांनी वाणी जयराम यांच्यासह गायलेले ऋणानुबंधाच्या हे गीत तर ज्यांनी कधी ख्याल ऐकला नाही त्यांच्याही ओठांवर आहे. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या मित्रांनी हे गाणे महाराष्ट्राला समजावून सांगण्याचा वाटा उचलला.

भाषांच्या सीमेवर जन्मलेल्या आणि दुसऱ्या एका सीमेवर आयुष्य काढलेल्या या गायकाची कहाणी सीमाभागातील वाचकांना विशेष जवळची वाटावी. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेच्या दक्षिणेला असलेले बेला हे असेच एक गाव. सरकारी कारभार तेलुगूत, घरची आणि बाजाराची बोली मराठी, आसपासच्या पाड्यांवर गोंडी. जात्यावरच्या ओव्या, भजनी मंडळांची भजने आणि दिवाळीच्या दिवसांत गोंड समाजाच्या दंडारीचा ढोल एकाच परिसरात ऐकू येतो. गोव्यात धालो आणि फुगड्यांची गाणी याच कुळातली. अशा प्रदेशातील माणसांना आपली भाषा मिश्र आहे, आपले गाणे अशुद्ध आहे, असे नकळत शिकवले जाते. प्रमाण भाषा शहरात असते आणि शुद्ध संगीत घराण्यात, अशी ती शिकवण असते. माळवी बायकांच्या चार स्वरांत रागाचे बीज शोधणाऱ्या कुमार गंधर्वांनी हा समज खोटा ठरवला. दळण गिरणीत गेले, विहिरीवरची गर्दी नळाने संपवली, लग्नाच्या मांडवात ध्वनिक्षेपक आला. ज्या प्रसंगांसाठी ही गाणी जन्मली, ते प्रसंगच नाहीसे होत आहेत. कुमारांनी ज्या काळात माळव्याची गाणी टिपली, तो काळ थोडा पुढे गेला असता तर त्यांतील कित्येक गाणी टिपायला उरलीच नसती. पैनगंगेच्या काठचे सूर कोणी तितक्या आस्थेने स्वरलिपीत उतरवणार आहे का, हा प्रश्न म्हणूनच केवळ संगीताच्या अभ्यासकांचा राहत नाही.

मानसन्मान उशिरा का होईना, आले. १९७४ साली संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९७७ साली पद्मभूषण, १९९० साली पद्मविभूषण. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने त्यांनी गांधीमल्हार हा राग रचला. देवासला पाऊल ठेवले त्या दिवसाची सावली त्यांच्या मनावर किती खोल होती, हे त्यावरून जाणवते. प्रसिद्धी मिळाल्यावरही त्यांनी मुंबई-पुण्याला परतण्याचा विचार केला नाही. देवासच्या टेकडीखालच्या घरातच त्यांनी शिकवले, बाग फुलवली, पाहुण्यांचे आतिथ्य केले. सत्यशील देशपांडे, मधुप मुद्गल, विजय सरदेशमुख यांच्यासारखे शिष्य त्यांच्याकडे घडले. मुलगा मुकुल शिवपुत्र आणि मुलगी कलापिनी कोमकली यांनी आपापल्या स्वतंत्र वाटेने हे गाणे पुढे नेले, आता नातू भुवनेश कोमकली ते गात आहेत.

१२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे वयाच्या ६७ व्या वर्षी कुमार गंधर्वांचे निधन झाले. अनूपरागविलासचा दुसरा भाग त्यानंतर प्रसिद्ध झाला. हिंदी कवी अशोक वाजपेयी यांनी त्यांच्यावर कवितांची मालिका लिहिली, जब्बार पटेल यांनी हंस अकेला हा माहितीपट केला. माळव्याच्या खेड्यांत कबीर गाणारी मंडळी आज देशोदेशींच्या व्यासपीठांवर सन्मानाने बसतात, प्रह्लादसिंह टिपानिया यांना पद्मश्री मिळते, यामागे एका शहरी गायकाने त्या सुरांपुढे विद्यार्थी होऊन बसण्याची जी सुरुवात केली, तिचाही वाटा आहे. धुनउगम राग आज इतर घराण्यांचे गायकही गातात. ज्या गाण्याला घराणे नाही म्हणून नाके मुरडली गेली, ते आता अनेक घराण्यांत शिकवले जाते आणि त्याचे मूळ सांगताना शिक्षकाला देवासच्या पाणवठ्यावरच्या, नावही ठाऊक नसलेल्या बायकांपर्यंत जावे लागते.